मेजर परमेश्वरन यांची शेवटची रात्र

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो आणि मागच्या रांगांत बसलेल्या आयाबापांनो,

सकाळी दारातच मला ठाकुरवाडीचे एक काका भेटले. लेकीचा काळा झगा त्यांनी घडी करून हातावर धरला होता, मळू नये म्हणून. मीही वाडीतलाच. माझ्या पदवीच्या दिवशी बापाने तांब्यात निखारे भरून माझ्या सदऱ्याला इस्त्री केली होती.

तुमच्यातले बरेच जण भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. त्यांच्यासाठी आज मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्याविषयी बोलतो.

जन्म मुंबईचा, 1946 चा. शीवच्या एसआयईएस कॉलेजातून 1968 साली तुमच्यासारखीच पदवी घेतली आणि 1972 साली ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. या रेजिमेंटचं मूळ आपल्या जिल्ह्यातही सापडतं. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये सरकारच्या नावे अर्ज लिहिला. बाबासाहेबांनी पुढे हा प्रश्न लावून धरला. रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, बेळगावला. एका अर्जाला सत्तेचाळीस वर्षं! स्वातंत्र्यानंतर सगळ्या जातीधर्मांचे जवान तिच्यात आले आणि दक्षिण भारतीय घरातला हा मुंबईकर त्यांचा साहेब झाला.

जुलै 1987 मध्ये भारत आणि श्रीलंकेचा करार झाला आणि आपली शांतिसेना जाफन्याला गेली. श्रीलंका सरकारशी लढणारे तमिळ वाघ शस्त्रं खाली ठेवतील अशी अपेक्षा होती. ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढाई जुंपली. श्रीलंकेत चाललेल्या, एकाच देशातल्या माणसांच्या अशा युद्धाला आपल्या भाषेत यादवी म्हणतात. प्रभासच्या किनाऱ्यावर यादवांनी लव्हाळी उपटून आपल्याच भाऊबंदांना मारलं, त्यावरून आलेला हा शब्द. यादवीत गावाला गाव ओळखतं, तरी कोणत्या घरात बंदूक आहे ते परक्या शिपायाला कळत नाही.

25 नोव्हेंबर 1987. शोधमोहिमेवरून रात्री उशिरा परतताना मेजरसाहेबांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी गोळ्या झाडल्या. त्यांनी डोकं शांत ठेवलं, वळसा घालून हल्लेखोरांना मागून घेरलं आणि थेट चाल केली. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याला ठार केलं. मग तशा जखमी अवस्थेत, प्राण जाईपर्यंत, ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले. परमवीरचक्र जाहीर झालं ते मरणोत्तर.

रायफल हिसकावण्याचा क्षण सगळे सांगतात. माझं मन त्यापुढच्या हुकमांपाशी अडतं. छातीत गोळी असलेला माणूस अंधारात काय ओरडत असेल? कोणी कुठे सरकायचं, कोणी कुठून गोळीबार करायचा. म्हणजे तेव्हाही त्याच्या डोक्यात दुसऱ्यांचेच जीव होते. हे त्या एका रात्रीत येत नाही. पंधरा वर्षं रोज जवानांसोबत राहून येतं.

शांतिसेनेच्या त्या मोहिमेत आपले सुमारे 1,200 जवान कामी आले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. मला हे आजही बोचतं. त्यांना पाठवण्याचा निर्णय चुकला की बरोबर होता, यावर खुशाल वाद घाला, मीही घालतो. पण शिपाई निर्णय घेत नाही, तो जातो. यादवी पुढे 2009 पर्यंत चालली आणि तिच्यात सर्वांत जास्त भरडली गेली ती तिथली साधी माणसं, आपल्यासारखीच भातशेती करणारी.

2023 साली अंदमानातल्या एका बेटाला परमेश्वरन यांचं नाव दिलं गेलं. नकाशा काढा आणि शोधा.

आता तुमची नावं पुकारतील. काका, झगा द्या लेकीला, तिची रांग उभी राहिली.