गोळी एक, शरीरे अनेक

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषध म्हटले की सर्वसाधारण माणसाच्या मनात दोन गोष्टी येतात : एक रोग आणि त्या रोगावरची एक गोळी. तिसरी गोष्ट, म्हणजे ती गोळी ज्याच्या पोटात जाते त्याचे शरीर, बहुधा विसरली जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत, औषधाच्या वेष्टनावर आणि सरकारी परिपत्रकात जी मात्रा लिहिलेली असते ती एका सरासरी माणसासाठी असते. असा सरासरी माणूस कोणत्याही गावात राहत नाही. गावात राहतात ती निरनिराळ्या आईबापांची लेकरे. औषधशास्त्र आणि मानवी आनुवंशिकता या दोन शास्त्रांची गाठ कोठे पडते, आणि त्या गाठीशी गरिबांच्या आरोग्याचा काय संबंध आहे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम औषधशास्त्राचे मूळ सूत्र. विष आणि औषध यांतला भेद मात्रेने ठरतो, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने सांगून ठेवले. पोटात गेलेली गोळी आतड्यातून रक्तात शोषली जाते, रक्ताबरोबर निरनिराळ्या अवयवांत पसरते, मुख्यतः यकृतात तिचे रासायनिक रूपांतर होते आणि शेवटी बहुतांशी मूत्रपिंडांवाटे ती बाहेर टाकली जाते. रक्तात औषध किती चढते आणि किती वेळ टिकते हे या चार क्रियांवर अवलंबून असते. ते कमी चढले तर रोग हटत नाही, फार चढले तर अपाय होतो. वय, वजन, कुपोषण, गरोदरपण, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार यांमुळे या क्रियांत फरक पडतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

परंतु एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. औषधाचे रूपांतर घडवून आणणारी जी प्रथिने शरीरात असतात त्यांना एन्झाइम म्हणतात. प्रत्येक प्रथिनाचा आराखडा जनुकांत साठवलेला असतो आणि जनुके आईबापांकडून येतात. म्हणजे औषध पचविणारी यंत्रणाच वारशाने मिळालेली असते आणि ती घरोघर वेगळी असू शकते. लंडनचे आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ साली, हवेत ठेवल्यावर मूत्र काळे पडणाऱ्या एका दुर्मिळ व्याधीचा अभ्यास करताना, हा विचार मांडला. माणसांचे चेहरे जसे एकमेकांसारखे नसतात तशी त्यांची अंतर्गत रासायनिक घडणही सारखी नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लक्ष वेधले गेले ते पुढे महायुद्ध आणि हिवताप यांच्यामुळे.

हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या जातीचे जंतू यकृतात दडून बसतात. रक्तातील जंतू मारले तरी हे दडलेले जंतू काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा उठतात आणि ताप उलटतो. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी औषधे एकाच कुळातील आहेत. त्यांतले पहिले, पामाक्विन, १९२० च्या दशकात वापरात आले तेव्हाच काही रोग्यांच्या तांबड्या पेशी फुटून मूत्र काळसर होते, असे आढळले. त्याचाच सुधारित वारस म्हणजे प्रायमाक्विन. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात १९४४ पासून हिवतापाचे प्रयोग सुरू झाले. कैद्यांना मुद्दाम हिवताप देऊन त्यांच्यावर नवी औषधे पारखण्यात आली. कैद्यांनी स्वखुशीने संमती दिली असे सांगण्यात येई. गजाआडच्या माणसाच्या खुशीचा अर्थ किती घ्यायचा, हा प्रश्न तेव्हा कमी लोकांनी विचारला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी मात्र आपल्या बचावासाठी याच प्रयोगांकडे बोट दाखविले, ही इतिहासातील बोचरी नोंद आहे.

या तुरुंगात असे दिसून आले की नेहमीच्या मात्रेत प्रायमाक्विन घेतल्यावर काही कैद्यांच्या तांबड्या पेशी झपाट्याने नष्ट होतात. कृष्णवर्णीय कैद्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. दोष औषधात, रोग्याच्या शरीरात की खुद्द पेशीत? शिकागोच्या संशोधकांनी संवेदनक्षम माणसाच्या पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या निरोगी माणसाला दिल्या आणि त्याला प्रायमाक्विन खाऊ घातले. परक्या शरीरातही त्या पेशी फुटल्या. उलट निरोगी माणसाच्या पेशी संवेदनक्षम माणसाच्या शरीरात सुखरूप राहिल्या. दोष पेशीत होता, हे सिद्ध झाले. १९५६ साली पॉल कार्सन, आल्फ आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दोषाचे नाव सांगितले : ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, थोडक्यात जी-६-पीडी, या एन्झाइमची कमतरता. तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचविणारी ढाल या एन्झाइमच्या जोरावर टिकते. ढाल दुबळी असली तरी एरवी माणूस ठणठणीत असतो. प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरील डॅप्सोन किंवा काही ठिकाणी खाल्ल्या जाणाऱ्या बाकला शेंगांचे दाणे पोटात गेले म्हणजे मात्र पेशी फुटू लागतात. कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या नॅप्थॅलीनच्या डांबरगोळ्यांचा वाससुद्धा अशा नवजात अर्भकाला तीव्र कावीळ करू शकतो.

या जनुकाचे स्थान एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाजवळ हे गुणसूत्र एकच असल्याने त्याच्यात कमतरता उघडपणे दिसते. स्त्रीजवळ दोन असल्याने तिच्या काही पेशी सबळ आणि काही दुबळ्या असू शकतात. जगभर ही कमतरता असलेली माणसे ४० कोटींच्या घरात आहेत, आणि ती पसरली आहेत मुख्यतः आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, पश्चिम आशिया, भारत आणि आग्नेय आशिया येथे. हा नकाशा हिवतापाच्या जुन्या नकाशाशी जुळतो, आणि तो योगायोग नाही. ही कमतरता असलेल्यांना जीवघेण्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. सिकलसेलच्या जनुकाचीही कथा हीच आहे. ज्याला डॉक्टर दोष म्हणतात तो एका परिस्थितीत पूर्वजांचा आधार होता. जनुकांत उच्च आणि नीच असा भेद करू पाहणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी.

भारतात या कमतरतेचे अनेक प्रकार सापडतात. त्यांतील एकाला मुंबईजवळच्या कल्याणचे नाव मिळाले आणि दुसऱ्याला केरळचे. पुढे जनुकाची रचना वाचता येऊ लागल्यावर हे दोन्ही प्रकार एकच असल्याचे कळले. तिसऱ्या एका प्रकाराला ओरिसाचे नाव आहे आणि तो आदिवासी समाजांत विशेष आढळतो. पारशी समाजातही ही कमतरता लक्षणीय प्रमाणात आहे.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली वापरात आले. ते निकामी करणारे यकृतातील एन्झाइम काहींच्या शरीरात जलद आणि काहींच्या शरीरात मंद काम करते, व हा भेद आनुवंशिक आहे. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. गरिबांच्या वस्तीतील रोगी घरी राहून औषध घेतील तरी सॅनेटोरियममधील रोग्याइतकेच बरे होतात, हे या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले. याच केंद्राच्या पुढील अभ्यासांत आढळले की आठवड्यातून एकदाच औषध दिले तर ज्यांचे शरीर आयसोनियाझिड जलद निकामी करते त्यांच्यात उपचार कमी पडतो. ज्यांचे शरीर मंद गतीने काम करते त्यांच्यात औषध अधिक साचते आणि हातापायांना मुंग्या येणे, बधिरता असा मज्जातंतूंचा विकार संभवतो. उपाय महागडा नव्हता. पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाची अल्पशी मात्रा सोबत दिली की तो टळतो, आणि रोज औषध दिले की जलद गतीच्या रोग्यालाही लाभ होतो. म्हणजे प्रत्येक रोग्याचे जनुक न वाचताही सर्वांना सामावून घेणारी उपचारपद्धती आखता आली. आनुवंशिकतेचे ज्ञान लोकांच्या कामी कसे लावावे याचा हा वस्तुपाठ आहे. याच सुमारास, १९५९ साली, जर्मन शास्त्रज्ञ फ्रिडरिश फोगेल यांनी या नव्या शाखेला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले.

हेच ज्ञान बाजाराच्या हाती गेले की काय होते, तेही पाहावे. हृदय दुर्बल झालेल्या रोग्यांसाठी दोन जुनी, स्वस्त औषधे एका गोळीत घालून २००५ साली अमेरिकेत बायडिल या नावाने मान्यता देण्यात आली, ती केवळ कृष्णवर्णीयांसाठी. ज्या चाचणीच्या आधारे ही मान्यता मिळाली तीत सर्व रोग्यांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवले होते. इतरांशी तुलना तिच्यात नव्हती आणि मान्यता जनुकांच्या तपासणीवर आधारलेली नव्हती. वर्णाच्या निकषावर नवे पेटंट मात्र मिळाले. कातडीचा रंग म्हणजे जनुकाची तपासणी नव्हे. एकाच वर्णाच्या दोन माणसांत औषध पचविण्याची शक्ती पूर्णपणे भिन्न असू शकते.

मग भारतात जातीचा आणि जनुकांचा संबंध नाही काय? आहे, पण तो उलट दिशेने समजून घ्यावा लागतो. जातीचे सार अंतर्विवाहात आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात प्रतिपादन केले. पिढ्यान्‌पिढ्या लग्ने एकाच वर्तुळात झाली की एखाद्या पूर्वजाकडून आलेले दुर्मिळ जनुक त्या वर्तुळात साचत जाते. आंध्रातील आर्य वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन हे औषध निकामी करणाऱ्या एन्झाइमची कमतरता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. असे औषध दिल्यावर रोग्याचा श्वास बराच वेळ परत येत नाही, म्हणून भूलतज्ज्ञाला ही माहिती आवश्यक असते. भारतातील अनेक समूहांत अंतर्विवाहामुळे अशी जनुके साचली आहेत, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले. येथे जनुकांनी जात निर्माण केलेली नाही; जातीच्या कुंपणाने जनुकांची वाटणी बदलली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. व्हायव्हॅक्स हिवतापाच्या रोग्याला आपल्याकडे प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात पाड्यावरची आशा कार्यकर्ती त्या घरपोच देते. जी-६-पीडीची कमतरता असलेल्याला हे औषध देऊ नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पण कमतरता आहे की नाही हे पाड्यावर कळायचे कसे? रक्ताचा थेंब आणि अतिनील प्रकाश एवढ्यावर भागणारी तपासणी अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९६० च्या दशकातच तयार केली होती. आता खिशात मावणारी उपकरणेही आली आहेत. कमतरता निघाली म्हणून उपचार थांबत नाही. अशा रोग्याला आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली प्रायमाक्विन द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१८ साली अमेरिकेत टॅफेनोक्विन हे एका मात्रेचे नवे औषध मान्य झाले तेव्हा आधी जी-६-पीडीची तपासणी करणे बंधनकारक ठरले. श्रीमंत देशातल्या प्रवाशाला जे संरक्षण मिळते ते जंगलात तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला का मिळू नये? तिचे रक्त आधीच कुपोषणाने पातळ झालेले असते. तिच्या तांबड्या पेशी फुटल्या तर सोसण्याची ताकद तिच्याजवळ कमी, आणि रक्त देऊ शकणारे रुग्णालय दूर.

सिकलसेलच्या बाबतीतही असेच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट जाहीर झाले. तपासणी स्वागतार्ह आहे. परंतु तपासणीनंतर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळाल्या नाहीत, तर हाती पडलेले कार्ड हे केवळ कपाळावरचा शिक्का ठरते. लग्नाच्या बाजारात त्या शिक्क्याची किंमत बहुतेक वेळा मुलीला मोजावी लागते. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, हे गावकऱ्यांना समजावून सांगणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. आनुवंशिकतेचे नाव घेऊन भूक झाकता येते. आदिवासी बाईच्या रक्तक्षयाचे कारण कधी जनुकात असते, पण पुष्कळदा ते रिकाम्या ताटात असते आणि अनेकदा दोन्हीकडे. जनुकाचे निदान झाले म्हणून रास्त धान्याच्या दुकानातील तुटवड्याचा प्रश्न सुटत नाही.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे यातून निघतात. ज्या भागात व्हायव्हॅक्स हिवताप आहे तेथील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रायमाक्विनपूर्वी जी-६-पीडीची तपासणी व्हावी, अशी मागणी ग्रामसभेतून आणि जिल्हा परिषदेतून लावून धरावी. ती होईपर्यंत गोळी देणाऱ्या प्रत्येक हाताला आणि घेणाऱ्या प्रत्येक घराला एक गोष्ट पाठ असावी : गोळ्या सुरू असताना लघवी चहासारखी काळसर झाली, डोळे पिवळे पडले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जनुकांच्या अभ्यासासाठी लोकांचे रक्त घेतले जाईल तेव्हा त्यांना समजेल अशा भाषेत संमती मागितली जावी, आणि त्या ज्ञानातून निघालेले औषध त्यांना परवडेल अशा दरात मिळावे. जिनोम इंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. ही संपत्ती ज्यांच्या रक्तातून आली त्यांच्या आरोग्यासाठी ती वापरली जाते की नाही, यावर लोकांचे लक्ष राहिले पाहिजे.

समता म्हणजे सर्वांना एकच मात्रा, असा अर्थ कोणी घेऊ नये. शरीरे भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेची दखल घेणारा उपचार प्रत्येकाला सारख्याच हक्काने मिळणे, ही वैद्यकातील समता आहे. तिची परीक्षा शेवटच्या पाड्यावरच्या दवाखान्यात व्हायची आहे.