विद्यार्थ्यांचें ज्ञानप्रसारक

वर्धा नदीवरील पुलावरून पुलगांवास हें नांव मिळालें असें सांगतात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग ही नदी ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. पाश्चात्य शास्त्राचा हा प्रताप दोन्ही तीरांवरील लोकांनीं तेव्हां प्रत्यक्ष पाहिला. परंतु तें शास्त्र मराठींत समजावून सांगण्याची खटपट मुंबईच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं त्यापूर्वींच आरंभिली होती.

१८४८ च्या जून महिन्यांत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनीं साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठीं एक मंडळी स्थापिली. प्रोफेसर पॅटन यांचें तीस उत्तेजन होतें, व तरुण दादाभाई नौरोजी तिच्या कार्यांत होते. इंग्रजींत मिळविलेलें ज्ञान घरच्या माणसांपर्यंत न्यावयाचें कसें? त्यासाठीं त्याच वर्षीं देशी भाषांच्या शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे पहिले अध्यक्ष. १८५० सालीं तिचें ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक सुरू झालें.

बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ काढून वाट दाखविली होती. पण तो एका पंडिताचा उद्योग. येथें सभेपुढें निबंध वाचावयाचा, आणि मग तो छापावयाचा, असा क्रम असे. लेखकाची खरी परीक्षा भाषेंत होती. रसायनशास्त्रांतील एखाद्या वायूचें नांव इंग्रजीच ठेवावें, तर इंग्रजी न जाणणाऱ्यास तें निरर्थक. संस्कृतावरून नवें घडवावें, तर तें घडविणाऱ्याखेरीज कोणासच ओळखीचें नाहीं! शिवाय पृथ्वी निराधार फिरते असें लिहितांना शेषाच्या फण्याशीं गांठ पडणारच. आईबापांची श्रद्धा न दुखवितां हें सांगणें विशीच्या आंतबाहेरच्या मुलांस सोपें नव्हतें. आज त्यांतील वाक्यें लांबलचक वाटतील. पण शास्त्रीय मराठी गद्य तेव्हां नुकतें कोठें पाऊल टाकूं लागलें होतें.

निबंध लिहून हे विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. १८४९ सालीं त्यांच्या मंडळीनें मुलींच्या शाळा उघडल्या व सभासदच तेथें विनावेतन शिकवूं लागले. मासिक मात्र सतरा वर्षें चालून १८६७ सालीं, म्हणजे नागपूरची गाडी सुरू झाली त्याच सालीं, बंद पडलें.