क्योतोतील एक जेवण



आयुष्य कामगार चळवळीत घालवलेल्या माणसाने मेजवानीवर बोलावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेपेक्षा गेटसभांतच अधिक झाले, आणि तिथला पहिला धडा भुकेचा असतो. म्हणून जेवणावर बोलण्याचा अधिकार आम्ही घेतो.

२०२४ च्या एप्रिलात आम्ही जपानात क्योतोला होतो. तिथल्या युनियन १९५५ पासून दर वसंतात पगारवाढीचा लढा एकत्र लढवतात. त्याला 'शुंतो' म्हणतात. त्या वर्षीची धावपळ ओसरत आली होती, आणि आमचे एक स्नेही, आमच्याचसारखे युनियनवाले, साठ वर्षांचे झाले होते. आपल्याकडे साठ संवत्सरांचे चक्र, तसेच तिथेही. साठीला 'कानरेकी' म्हणतात. त्यानिमित्त त्यांनी आम्हाला 'कैसेकी' जेवायला नेले.

तिथे पान एकदम वाढत नाहीत. एक पदार्थ संपला की दुसरा येतो. आधी घासभर काही, मग समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या माशाच्या किसाचे निवळ सार, मग 'ताई' माशाचे कच्चे काप. 'मेदेताई' म्हणजे मंगल, म्हणून शुभकार्याला ताई. मग भाजलेला मासा, बांबूचे कोवळे कोंब; शेवटी भात, लोणचे, मिसोचे सार. साठीचा म्हणून भातही अझुकीचे दाणे घालून तांबडा केलेला.

स्नेह्यांनी नावाचा अर्थ सांगितला. 'कैसेकी' म्हणजे उराशी धरलेला दगड. परंपरा सांगते, झेन भिक्षू भूक मारण्यासाठी ऊन दगड अंगरख्यात, पोटाशी ठेवीत. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या चहाविधीच्या परंपरेत चहापूर्वीच्या साध्या जेवणाला हे नाव चिकटले.

आमचा घास तिथेच थांबला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. आई सर्वांच्या शेवटी जेवायची. पुढे पुढे "मी मघाशीच जेवले" म्हणू लागली. तिच्या पोटाशीही दगडच होता. आम्हाला तो दिसला नाही, एवढेच.

स्नेही ऐकून गप्प राहिले. उठताना स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "गोचिसोसामा." यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव. आपल्या घासासाठी जो धावला, त्याचे हे आभार.

आम्ही वाढणाऱ्या बाईंना विचारले, "तुम्ही केव्हा जेवता?" त्या हसून म्हणाल्या, "शेवटचे पाहुणे गेल्यावर."

स्नेही म्हणाले, "२०१८ च्या कायद्याने जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. पण कायदा चुलीपर्यंत पोचवायला माणूस लागतो. साठीनंतर मी तेच करणार."

मित्रहो, तोंडाने आभार मानावेतच. पण धावणाऱ्याला वेळेवर बसून जेवता येईल, तेव्हाच ते आभार पुरे होतात. आज सभा संपल्यावर या सतरंज्या कोण गुंडाळणार आणि ती माणसे केव्हा जेवणार, एवढे विचारून मगच आपण घरी जावे.