शेजाऱ्याची सुई आपल्या कामाची नाही
(सालेकसा येथील बैठकीत केलेले भाषण)



रोवणी तोंडावर आली आहे. आता बाया-माणसे दिवसभर अनवाणी बांधीत उभी राहतील. म्हणून धानाच्या भावाआधी आज आम्ही धनुर्वातावर बोलणार आहोत.

शेतकी शिकताना मातीतले जिवाणू आम्हाला उपकारकर्ते म्हणून भेटले. तुरीच्या मुळाशी गाठी धरणारे, शेणखत कुजवणारे. पण त्याच मातीत, त्याच शेणात धनुर्वाताचा जिवाणूही वर्षानुवर्षे दडून राहतो. काटा किंवा खिळा खोल रुतला, की हवा न पोचणाऱ्या त्या जागी तो वाढतो आणि विष सोडतो.

१८८९ साली बर्लिनमध्ये कितासातो या जपानी संशोधकाने हा जिवाणू वेगळा काढला. पुढच्याच वर्षी त्याने आणि बेरिंगने दाखवून दिले, की विष पचवायला शिकलेल्या जनावराचे रक्तजल दुसऱ्या जनावराला वाचवते. मग घोड्यांपासून रक्तजल काढू लागले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना ते टोचले गेले. पण ही ताकद उसनवारीची, काही आठवड्यांत सरणारी. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये फॉर्मालिनने विष निकामी करून लस तयार झाली, तेव्हा कुठे माणसाच्या अंगात स्वतःची ताकद पिकू लागली.

माती काय करू शकते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतली प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडतानाचा चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे उघड झाले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

गरोदर बाईला सुई आणि स्वच्छ बाळंतपण, यांच्या बळावर २०१५ साली भारताने बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे निर्मूलन केले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग. पण मातीतला जिवाणू मेलेला नाही. गोवर माणसाकडून माणसाला जातो, म्हणून गावाने लस घेतली की उरलेल्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वात मातीतून येतो. इथे शेजाऱ्याच्या सुईचा आपल्याला आडोसा नाही.

आणि सरकारी वेळापत्रकात कोण आहे? बाळे, दहा आणि सोळा वर्षांची मुले, गरोदर बाया. चाळिशीचा नांगरणारा गडी नाही, साठीची रोवणारी माय नाही. त्यांची आठवण जखम झाल्यावर!

म्हणून मागणी साधी आहे. रोवणीआधी प्रत्येक उपकेंद्रात मोठ्या माणसांनाही टीडीची लस मिळावी. ज्यांनी कधीच घेतली नाही, त्यांना एका सुईने भागत नाही. पुढच्या सुयांच्या तारखाही लिहून द्याव्यात. गावोगावी यादी करा. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. यादी हातात असली, की आरोग्य केंद्रात आपण सगळे मिळून जाऊ.