बिदरची शाळा आणि कोरा कागद

मंडळी, उदगीरचा किल्ला तुम्ही पाहिलाच असेल. आता एकदा बिदरला जा. १९५६ पर्यंत आपल्या देवणीचा जिल्हा बिदरच होता.

तिथला किल्ला पाहा. मग महमूद गवानाचा मदरसा, म्हणजे मोठी शाळा पाहा. हा बहमनी राज्याचा वजीर. त्याने १४७२ साली ही तीन मजली शाळा बांधली. मिनारावरची रंगीत नक्षी अजून थोडी दिसते.

पण त्याचा शेवट ऐका बरं का. वैऱ्यांनी त्याचा शिक्का कोऱ्या कागदावर मारून घेतला. मग त्यावर फितुरीचं खोटं पत्र लिहिलं. सुलतानाने शहानिशा केली नाही. १४८१ साली वजिराचं मुंडकं उडवलं.

तुम्ही आता वाचायला शिकलात. वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको!