गोधडी : मायेची ऊब, श्रमाचे मोल



वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळले ते एका दुःखद बातमीने. १९९२ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तरी वांगणी म्हटले की शहरातील माणसाला अजूनही तेवढेच आठवते. ज्या गावाकडे केवळ मदत घेणारे गाव म्हणून पाहिले गेले, त्या गावाच्या हातांत समाजाला देण्यासारखेही काही आहे. घरोघरीची गोधडी हा त्याचा दाखला होय.

गोधडीची रीत साधी, पण चिकाटीची आहे. खाली जुने लुगडे अंथरायचे, त्यावर विटलेली धोतरे, सदरे, साड्यांचे तुकडे यांचे थर रचायचे आणि वर पुन्हा धडके लुगडे घालायचे. कडा टाचून घेतल्या की धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे यायचे. टाके जवळजवळ पडले तर आतले थर सरकत नाहीत, धुतल्यावर त्यांचा गोळा होत नाही. हे ज्ञान शाळेत मिळत नाही. सासूजवळ सून बसते, सुनेजवळ नात बसते आणि हात पाहून हात शिकतो. चौघीजणी चार बाजूंना बसल्या की काम लवकर उरकते आणि सुखदुःखही वाटले जाते. बचत गट हा शब्द येण्यापूर्वी आपल्या खेड्यांत गट होता तो असा.

या वस्त्राला आपल्या परंपरेने कधी हीन मानले नाही. संत जनाबाईंच्या कथेत प्रत्यक्ष पांडुरंग आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात परततो. अंगावरच्या चिंध्यांमुळे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत आणि त्याच वेशात त्यांनी गावोगाव स्वच्छतेचा धडा दिला. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील सिद्दी भगिनींची कवंदी ही सारी एकाच कुळातील वस्त्रे आहेत. भाषा वेगळ्या, टाका मात्र एकच. भारताची एकात्मता अशी घराघरांतील पेटीत घडी घालून ठेवलेली आहे.

परंतु प्रश्न केवळ परंपरेच्या गौरवाचा नाही. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबे भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर जातात. आई जाईल तेथे मूल जाते. त्याची अंगणवाडी सुटते, शाळा सुटते. म्हणून गावात राहून मिळणाऱ्या मजुरीचा संबंध थेट मुलाच्या ताटाशी आहे. एकटी गोधडी स्थलांतर थांबवील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण गटातील दहा घरांपैकी दोन घरे जरी थांबली, तरी त्या घरांतील मुले अंगणवाडीच्या पटावर राहतात. एवढे यशही लहान नव्हे.

येथे सावधगिरी हवी. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली आणि जगभर पोहोचली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ही अभिमानाचीच गोष्ट. मात्र बाजार आला तसे पुरुषांचे हात पुढे झाले आणि सवाशिणी मागे राहिल्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ सालापासून मोठमोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. तरीही त्यांतील काही जणींना हक्क आणि मोबदल्यासाठी २००७ साली न्यायालयात जावे लागले. कलेला कीर्ती मिळाली म्हणजे कारागिराला न्याय मिळालाच, असे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही पथ्ये पाळावीत. शहरातून कापड पाठवताना ते धुतलेले, सुती आणि धडके असावे. घरातील अडगळ काढणे म्हणजे सेवा नव्हे. किंमत ठरवताना किती दिवस किती हात राबले ते मोजावे. हिशेबाची वही गटातील भगिनींकडेच असावी आणि गोधडीवर शिवणारीचे नाव असावे. मध्यमवर्गीय गृहिणीने मॉलमध्ये न केलेली घासाघीस वांगणीच्या ओसरीवर करू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे शहरातील मुलींनी येथे यावे आणि शिकावे. आजवर शहर शिकवीत आले, पाडा ऐकत आला. आता चटईवर वांगणीची आजी गुरू म्हणून बसेल आणि ठाण्या-डोंबिवलीची लेक तिच्याजवळ सुईत दोरा ओवायला शिकेल. समरसता व्यासपीठावरून सांगता येते. ती अंगी मुरते मात्र अशा शेजारी बसण्यातूनच. त्या बैठकीची सुरुवात या गावातून व्हावी.