पोटाच्या जुनाट विकाराची मुले आणि त्यांचे अनुभवी सोबती



पोटदुखी ही शाळा चुकविण्याची फार जुनी सबब आहे आणि ती ओळखण्यात बहुतेक शिक्षक स्वतःला तरबेज समजतात. म्हणूनच ज्या मुलाचे पोट खरोखरच महिनोन्‌महिने दुखते, त्याची बाजू वर्गात लंगडी पडते.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे विकार मुलांनाही होतात. न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तो क्रोनचा विकार त्यांपैकी एक. दुसऱ्यात मोठ्या आतड्याला व्रण पडतात. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटात कळा, थकवा, खुंटलेली वाढ ही लक्षणे होत. विकार संसर्गजन्य नाही. आतड्याच्या क्षयाशी साम्य असल्यामुळे आपल्याकडे निदानास कधी विलंब लागतो. औषधांनी तो आटोक्यात राहतो. काही महिने मूल धडधाकट दिसते आणि अकस्मात दुखणे पुन्हा उचल खाते. "परवा तर मैदानावर धावत होता!" हा शिक्षकांचा संशय येथूनच उद्भवतो.

वेदनेपेक्षा लाज अधिक जाचते. वर्गात पुनःपुन्हा बोट वर करून परसाकडे जाण्याची परवानगी मागावी लागू नये म्हणून अशी मुले कित्येकदा दुपारी जेवतच नाहीत. स्टेरॉइडच्या औषधाने चेहरा सुजतो, त्यावरून टोपणनावे पडतात. हे सारे मूल शिक्षकांना सांगत नाही, आईलाही अर्धेच सांगते. मात्र ज्याने हेच भोगले आहे अशा चार-सहा वर्षांनी मोठ्या मुलापाशी ते मोकळे होते. पेपराच्या दिवशी काय खावे, दप्तरात जादा कपडे कसे ठेवावेत, मित्राला किती सांगावे, ही माहिती डॉक्टरांच्या चिठ्ठीत सापडत नाही. अमेरिकेत अशा मुलांसाठी 'कॅम्प ओएसिस' नावाची शिबिरे भरतात. तेथे मुलांची देखरेख करणाऱ्यांतही काही जण याच विकाराचे असतात.

एका गावात असे दोन रुग्ण बहुधा मिळणार नाहीत. यास्तव उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच चौकशी करावी. पालकांच्या संमतीने ते एखाद्या जुन्या, प्रकृती स्थिरावलेल्या तरुण रुग्णाशी गाठ घालून देऊ शकतील. मुलीला सोबतीण असणे बरे. भेट कठीण असेल तर दूरध्वनीवरील संभाषणही पुष्कळ काम करते. मात्र ते पालकांना ठाऊक असावे. सोबत्याने औषधाची मात्रा सुचवू नये, स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या कहाण्या सांगून घाबरवू नये. मुलाने औषध सोडल्याचे किंवा रक्त वाढल्याचे कळले, तर ते वडीलधाऱ्यांना सांगितले जाईल, हे मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे. सोबत्यालाही अधूनमधून कोणीतरी विचारपूस करणारा हवा. दुसऱ्याच्या दुखण्याने त्याचे जुने दिवस जागे होतात.

शाळेकडे उरते ते काम लहान दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, भर वर्गात "पुन्हा कशाला?" असे विचारणे त्याहून फार दूर नाही. मुलाला दाराजवळची जागा द्यावी आणि न विचारता उठून जाण्याची मुभा असावी. कारण वर्गाला सांगावयाचे की नाही, हे त्या मुलाने ठरवावे. आणि स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी.